पिंग म्हणतो १५२, वायरशार्क म्हणतो २: नेटेमच्या नेहमीच्या तक्रारी

"दादा, नेटेम मेलं वाटतं."

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी माझ्या टेबलापाशी येऊन हेच म्हणतं. (नेटेम म्हणजे नेटवर्क मुद्दाम मंद किंवा खराब करणारं लिनक्सचं हत्यार.) लक्षणही ठरलेलं. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डावर नेटेमने १५० मिलिसेकंदांचा उशीर लावलेला असतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा, १५२ दाखवतो. पण वायरशार्कमध्ये, म्हणजे कार्डावरची पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तोच सर्व्हर पाहिला, तर टीसीपीचं (डेटा खात्रीने पोचवणाऱ्या नियमसंचाचं) पहिलं सिन, म्हणजे जोडणीची हाक, आणि उत्तरादाखल आलेलं सिन-ॲक यांच्यात जेमतेम २ मिलिसेकंद. मग खरं कोण?

दोघंही. आतापर्यंत मी हे प्रत्येकाला कागदाच्या पाठीवर आकृती काढून सांगत आलो. या वेळी ठरवलं, एकदाचं लिहूनच टाकू, आणि या तक्रारीच्या भावकीतल्या बाकीच्या तक्रारीही सोबत घेऊ. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

आधी हा खटाटोप कशासाठी ते. आम्ही बसतो इंदूरला, विजयनगरकडे. ॲप आहे मंडईचं: सोयाबीन, गहू, डॉलर चणा यांचे भाव आणि लिलावाची बोली. ऑफिसच्या फायबरवर ते हरणासारखं पळतं. वापरणारा मात्र सांवेर-देपालपूरच्या रस्त्यावर असतो, नाही तर खंडवा रोडने भेरूघाट उतरत असतो, आणि तिथे त्याची बोली "पाठवत आहे" वर अडकून बसते. एकदा सगळी टीम खरोखरच घाटात टेस्टिंगला गेली होती. पावसाळा होता. टेस्टिंग झालं अर्धा तास. बाकीचा दिवस भजी आणि भुट्ट्याचा कीस यांतच गेला. त्यानंतर ठरलं, घाटच ऑफिसात आणायचा.

त्यासाठीचं हत्यार म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधलं, म्हणजे गाभ्यातलं, नेटेम. ते टीसी या आज्ञेने चालवतात; टीसी आयप्रूट२ या पॅकेजात येते. स्टीफन हेमिंगर यांनी ते लिहिलं. त्याआधी अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेचं निस्ट नेट होतं, आणि लुईजी रिझ्झो यांचं फ्रीबीएसडीवरचं डमीनेट तर १९९७चं. ब्राउझरमध्ये नेटवर्क मंद करायची सोय असताना हे कशाला, असं हमखास विचारलं जातं. ती सोय ब्राउझरच्या आत, विनंतीच्या पातळीवर काम करते. आमच्या ॲपच्या विनंत्यांना पॅकेट गळण्याचा अनुभव तिथे मिळत नाही. टॉक्सिप्रॉक्सी हे मधे बसून जोडणी बिघडवणारं हत्यार चांगलं आहे, पण तेही टीसीपीच्या प्रवाहावर चालतं, पॅकेटवर नाही. घाटात पॅकेटंच गळतात.

मोजणारा रांगेत कुठे उभा आहे?

पॅकेटचा प्रवास बघा. ॲपने डेटा दिला, कर्नलमधल्या टीसीपीने त्याचं पॅकेट केलं, ते क्यूडिस्कमध्ये म्हणजे रांगेत गेलं, तिथून ड्रायव्हरकडे आणि मग तारेवर. नेटेम हीच ती रांग. आता टीसीपीडम्प काय किंवा वायरशार्क काय, बाहेर जाणारं पॅकेट पकडतात ते रांगेतून सुटल्यावर, ड्रायव्हरच्या हाती पडण्याच्या बेतात असताना. म्हणजे १५० मिलिसेकंद आधीच उलटलेले असतात, आणि वायरशार्कचं घड्याळ तिथून सुरू होतं.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहा. तुम्ही रांगेत शिरल्यापासून प्लेट हातात येईपर्यंत दहा मिनिटं गेली. गल्ल्याशी उभ्या असलेल्या पोराला विचारा, तो म्हणेल अर्धं मिनिट, कारण तुम्ही समोर आलात, त्याने पोहे घातले, जिरावण-शेव टाकली, दिले. पिंग म्हणजे तुम्ही. वायरशार्क म्हणजे ते पोर. खोटं कोणीच बोलत नाही.

इथवर ठीक. खरी गोम पुढे आहे, आणि तिच्यावरून आमच्याकडे एकदा चांगलंच वाजलं होतं. सिन-ॲक २ मिलिसेकंदांत आलं. त्यावर टीसीपी लगेच ॲक, म्हणजे पोच, पाठवतो. पण तेही नेटेमच्या रांगेत १५० मिलिसेकंद बसतं आणि मगच वायरशार्कला दिसतं. त्यामुळे कॅप्चरमध्ये चित्र असं दिसतं, की सर्व्हर चुटकीसरशी उत्तर देतोय आणि आपलं मशीनच सुस्तावलंय. प्रत्येक फेरीत हेच. हा आलेख बघून आमच्यातल्या एकाने मोबाइल टीमच्या नावाने बग टाकला, "क्लायंट उत्तर द्यायला १५० मिलिसेकंद लावतो." मोबाइलवाल्यांनी दोन दिवस कोड उपसला. त्यांच्या कोडमध्ये काहीच नव्हतं. आम्ही आमचंच नेटेम त्यांच्या माथी मारत होतो.

उपाय सोपा आहे. ज्या मशीनवर नेटेम, त्याच मशीनवरच्या कॅप्चरवरून उशिराबद्दल निष्कर्ष काढू नका. कॅप्चर पलीकडच्या टोकाला घ्या. ते शक्य नसेल तर एसएस ही आज्ञा टी आणि आय हे पर्याय देऊन चालवा. टीसीपीने स्वतः मोजलेला आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) त्यात दिसतो, आणि टीसीपी रांगेच्या वर बसलेला असल्याने तिथे १५२च्या आसपासच आकडा मिळतो.

१ टक्का लॉस (पॅकेटं गळणं) लावला, पण काही फरकच पडला नाही

कारण एकच, नेटेम आणि ॲप एकाच मशीनवर. नेटेमच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, फक्त ते कोणी वाचत नाही. पाठवणाऱ्याच मशीनवर पॅकेट टाकून दिलं तर त्याची खबर वरच्या थरांना लागते. टीसीपीला कळतं की पॅकेट घरातच पडलंय. ते पुन्हा पाठवलं जातं आणि लॉस झालाच नसल्यासारखं सगळं चालू राहतं. खऱ्या घाटात अशी चिठ्ठी कोणी पाठवत नाही. तिथे तोच ॲक पुन्हा पुन्हा येण्याची नाही तर टाइमआउट होण्याची वाट बघावी लागते.

लॉस खरंच लागतोय का, याची ढोबळ परीक्षा मॅथिस आणि सहकाऱ्यांच्या १९९७च्या सूत्राने होते. टीसीपीचा वेग साधारण एमएसएस (एका पॅकेटात मावणारा जास्तीत जास्त डेटा) भागिले आरटीटी, गुणिले १.२२, भागिले लॉसचं वर्गमूळ. एमएसएस १,४६० बाइट, आरटीटी १०० मिलिसेकंद, लॉस १ टक्का धरला तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट. हो, फक्त १.४. ऑफिसची लाइन १००ची असली तरी. आकडा थोडा वरखाली झाला तर हरकत नाही, पण वेग मोजणारं आयपर्फ ३ या परिस्थितीत ८० मेगाबिट दाखवत असेल, तर एक तर पाठवणारं मशीन टीसीपीचा वेग ठरवायला बीबीआर ही पद्धत वापरतंय (ती लॉसला फारशी भीक घालत नाही), नाही तर तुमचा लॉस टीसीपीला जाणवतच नाहीये.

आणखी एक भानगड असते ऑफलोडची. हल्ली कर्नल टीसीपीचे छोटे तुकडे स्वतः करत नाही. ६४ किलोबाइटपर्यंतचं एक भलं मोठं गाठोडं करून खाली ढकलतो आणि कार्ड ते कापतं. नेटेम मधे बसलेलं असल्याने त्याच्या लेखी ते गाठोडं म्हणजे एक पॅकेट. गळालं तर चाळीस-पंचेचाळीस तुकडे एकदम गळाले. त्यामुळे १ टक्का लॉस हा १ टक्का राहत नाही. त्याची ढेकळं होतात. ईथटूल या आज्ञेने टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ (हेच ते ऑफलोड) बंद करा, मग मोजा.

लॉस मुद्दाम झुंडीने हवा असेल, आणि घाटात तो तसाच असतो, तर ऑफलोडच्या भरवशावर न राहता नेटेममधलंच जीईमॉडेल वापरा. गिल्बर्ट (१९६०) आणि इलियट (१९६३) यांच्या नावाचा हा नमुना: नेटवर्क एक तर चांगल्या अवस्थेत असतं, नाही तर वाईट. पहिला आकडा चांगल्यातून वाईटात जाण्याची शक्यता, दुसरा परत येण्याची. १ टक्का आणि २५ टक्के दिलं, तर वाईट अवस्था सरासरी ४ पॅकेटं टिकते आणि एकूण लॉस ३.८ टक्क्यांच्या जवळपास पडतो. सुटा सुटा १ टक्का लॉस लावून पास झालेलं आमचं ॲप या झुंडीत पहिल्याच दिवशी आडवं झालं.

लॉस लावलाच नाही, तरी पॅकेटं गळतात

ऑफलोड बंद केल्यावर हे दुखणं बहुतेक हटकून येतं, म्हणून याच ओळीत सांगतो.

नेटेमच्या रांगेची क्षमता तुम्ही सांगितली नाही तर १,००० पॅकेटं असते. ३०० मिलिसेकंद उशीर लावला म्हणजे प्रत्येक पॅकेट रांगेत तेवढा वेळ बसणार. १,५०० बाइटची १,००० पॅकेटं म्हणजे १२० लाख बिट. ३०० मिलिसेकंदांना तेवढे, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. त्याहून जोरात पाठवलंत की रांग भरते आणि वरचं सगळं गळतं. १०० मेगाबिट पुरतं मिळवायचं असेल तर किमान २,५०० पॅकेटांची जागा हवी. आम्ही ५,००० लावतो. ऑफलोड चालू असताना गाठोडं एकच मोजलं जातं, त्यामुळे तोवर हे झाकलेलं राहतं. एक दुखणं बरं केलं की दुसरं वर येतं.

ओळखायचं कसं? टीसीला एसचा पर्याय देऊन क्यूडिस्क शो म्हणा आणि 'ड्रॉप्ड' हा आकडा पाहा. लॉस शून्य असताना तो वाढत असेल तर दोष लिमिटचा, म्हणजे रांगेच्या क्षमतेचा. लॉसही लावला असेल तर दोन्ही तोटे याच आकड्यात मिसळतात, म्हणून आधी लॉस काढा आणि मग बघा.

हेच लिमिट उलट्या बाजूनेही चावतं. रेट, म्हणजे वेगाची मर्यादा, २ मेगाबिट लावलात आणि लिमिट १,०००च राहिलं, तर भरलेली रांग रिकामी व्हायला ६ सेकंद लागतात. सहा! एखादा फोटो अपलोड होत असताना पिंग सहा हजारांवर गेला आणि कोणी म्हणालं "घाट इतका वाईट नाही हो", तर ते बरोबर आहे. ती आपणच बांधलेली टाकी. तिथे लिमिट कमी करा. किती, ते तुम्ही कोणत्या नेटवर्कची नक्कल करताय त्यावर. आम्ही साधारण अर्ध्या सेकंदाची रांग धरतो, म्हणजे २ मेगाबिटला ८० पॅकेटं.

जिटर लावला आणि वेग कोसळला

१०० मिलिसेकंद उशीर आणि २० जिटर (उशिरातला वरखालीपणा) म्हटलं की नेटेम प्रत्येक पॅकेटसाठी स्वतंत्र चिठ्ठी काढतं. मागून आलेल्याला ८५ निघाले, पुढच्याला ११५, की मागचं पुढे. टीसीपीला वाटतं मधलं हरवलं, आणि तो वेग आवरता घेतो. मोबाइल नेटवर्कात रेडिओचा थर सहसा पॅकेटं क्रमानेच वर देतो, म्हणजे ही नक्कलच खोटी. जुन्या लेखांत नेटेमखाली पीफिफो, म्हणजे आल्या क्रमाने सोडणारी साधी रांग, लावायचा सल्ला आहे. आमच्या कर्नलवर तो चालला नाही. रेट सोबत दिला की नेटेम पॅकेटं एकामागे एक धरतं आणि क्रम टिकतो. रेट तसाही द्यायचाच असतो.

किरकोळ, पण रोजच्या

एकक. टीसीमध्ये एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट, मेगाबिट नव्हे. मेगाबिट हवं तर एमबिट लिहा. आणि उशिरापुढे काहीच न लिहिता नुसतं १०० म्हटलंत तर ते १०० मायक्रोसेकंद होतात. कोणाला पत्ताही लागत नाही.

आधी लावलेला रूल असताना पुन्हा ॲड म्हटलं तर टीसी नकार देते: जुन्या आवृत्तीत 'फाइल एक्झिस्ट्स', नव्यात 'एक्सक्लुसिव्हिटी फ्लॅग ऑन'. स्क्रिप्ट त्रुटी गिळत असेल तर जुनाच रूल चालू राहतो आणि तुम्ही नव्या आकड्यांचा अहवाल लिहिता. रिप्लेस वापरा. मात्र त्यातही पूर्ण वाक्य म्हणा: उशीर आधी लावलेला असताना नुसता लॉस बदलायला गेलात तर उशीर शून्यावर येतो आणि लिमिट परत १,०००वर.

लूपबॅकवर, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतं त्या आतल्या कार्डावर, १०० लावले आणि पिंग २०० दाखवतो? बरोबर आहे. जाणारं आणि येणारं दोन्ही पॅकेटं त्याच लूपबॅकमधून बाहेर पडतात.

काही साइट मंद, काही सुसाट? नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्यावर चालतं, म्हणून येणारी वाहतूक आयएफबी या खोट्या कार्डाकडे वळवतात. त्या वळणाच्या फिल्टरमध्ये प्रोटोकॉल 'आयपी' लिहिलेला असतो, म्हणजे फक्त आयपीव्ही४. ज्या सर्व्हरशी तुमचं बोलणं आयपीव्ही६वर होतं, ते पॅकेट मागच्या दाराने थेट आत येतं. 'ऑल' लिहा.

सोमवारची तक्रार वेगळी. "दादा, शुक्रवारी लावलं होतं ना, आज नाहीये." लॅपटॉप यूएसबी-लॅनच्या अडॅप्टरवर होता, शनिवारी घरी जाताना तो उपसला. अडॅप्टर उपसला की कर्नलच्या दृष्टीने ते कार्डच संपलं, आणि त्यावरचा रूलही. परत खुपसला की नवं कार्ड, कोरं. डॉकरचा कंटेनर नव्याने उभा केला की त्याच्या व्हीईथचंही, म्हणजे आभासी कार्डाचंही, असंच. मशीन रीबूट झालं तर विचारूच नका. म्हणून टेस्टच्या स्क्रिप्टची पहिली ओळ क्यूडिस्क शो असावी, आणि त्यात नेटेम दिसलं नाही तर टेस्ट तिथेच थांबावी.

फोनवर टेस्ट करणाऱ्यांसाठी एक. लॉस वाढवत नेला आणि एका टप्प्यावर ॲप अचानक मस्त चालायला लागलं, तर आनंद मानू नका. वाय-फाय वाईट दिसल्यावर फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेलाय. एअरप्लेन मोड लावा, मग वाय-फाय चालू करा.

शेवटी आम्ही काय केलं

वरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ एकच, नेटेम आणि टेस्टचं मशीन एकच असणं. म्हणून स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला एक जुना डेस्कटॉप काढला, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि दोन्ही कार्डांचा ब्रिज केला, म्हणजे एकात आलेलं पॅकेट दुसऱ्यातून बाहेर पडावं. एका बाजूला वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट आणि त्यावर फोन, दुसऱ्या बाजूला ऑफिसची लाइन. आता लॉस झाला तर तो फोनच्या दृष्टीने खरोखरच वाटेत होतो, घरात नाही. सर्व्हर किंवा फोन यांत काही बदलावं लागत नाही, आणि आयएफबीची गरजही उरत नाही: एक दिशा पहिल्या कार्डातून बाहेर पडते, दुसरी दुसऱ्यातून. दोन्हींवर ७५-७५ लावले की फेरीचे १५० झाले. रूल सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना कामं चालू करणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या) एका छोट्या सर्व्हिसमध्ये आहेत, त्यामुळे वीज गेली-आली तरी परत लागतात.

इथेही पहिल्या दिवशी चुकलोच. रूल ब्रिजवर लावला आणि काहीच झालं नाही. ब्रिजमधून आरपार जाणारं पॅकेट ब्रिजच्या स्वतःच्या रांगेत बसत नाही. ते थेट पलीकडच्या कार्डाच्या रांगेत जातं. रूल कार्डांवरच लावायचे. ऑफलोडही दोन्ही कार्डांवर बंद.

मग खात्री करायला दोन्ही कार्डांवर एकदम टीसीपीडम्प सुरू केला. फोनकडून आलेलं सिन पहिल्या कार्डावर आत शिरताना पकडलं जातं, रांगेच्या आधी. तेच सिन दुसऱ्या कार्डावर बाहेर पडताना पकडलं जातं, रांगेनंतर. घड्याळ एकाच मशीनचं, म्हणून वेळ जुळवायची कटकट नाही. दोन्ही फाइली वायरशार्कमध्ये एकत्र केल्या आणि सिक्वेन्स नंबरवरून तेच पॅकेट दोनदा शोधलं. ज्याच्यामुळे एवढे दिवस गोंधळ होत होता, ते ठेल्यावरचं पोर आता रांगेच्या दोन्ही टोकांना उभं होतं.

फरक ७५.